हातावर घेतला म्हणजे जीव लावला का?
पाळीव टॅरँट्युला, मोबाइलवरचे व्हिडिओ आणि आपली मुले

मोबाइलवर सध्या एक प्रकार मुले फार आवडीने पाहतात. एखादा तरुण काचेच्या पेटीचे झाकण उघडतो, आतला तळहाताएवढा केसाळ कोळी उचलतो आणि मनगटावर ठेवतो. कोळी सावकाश कोपरापर्यंत चालत जातो. तरुण हसत सांगतो, "बघा, किती शांत आहे, काही करत नाही." या कोळ्याला टॅरँट्युला म्हणतात. युरोप-अमेरिकेत तो हौसेने पाळणारे पुष्कळ आहेत आणि आता आपल्याकडच्या मोठ्या शहरांतही हा शौक आला आहे. सिन्नरसारख्या तालुक्याच्या गावी अशी पेटी सहसा कोणाच्या घरी दिसणार नाही. पण मोबाइल घरोघरी आहे, आणि पाहिलेले करून बघण्याचे वय मुलांचे असतेच.

वर्गात कोळी आणि कीटक यांतला फरक शिकवत असताना एका मुलाने आम्हाला दोन प्रश्न विचारले. पहिला सगळ्यांच्या मनातला: "सर, तो चावत नाही का?" दुसरा जरा वेगळा: "सर, तो कोळी त्या माणसाला ओळखत असेल ना?" पहिल्या प्रश्नावर मोठी माणसे खूप बोलतात. दुसऱ्याचे उत्तर मात्र फारसे कोणी देत नाही. पाळलेला टॅरँट्युला हातावर घ्यावा की घेऊ नये, याचा निकाल आमच्या मते या दुसऱ्या प्रश्नात आहे.

आधी थोडी ओळख

टॅरँट्युला हे नाव इटलीतल्या तारांतो या शहरावरून आले. तिथे पूर्वी समज होता की एक विशिष्ट कोळी चावला तर माणसाने घाम फुटेपर्यंत नाचावे, म्हणजे विष उतरते. तो कोळी खरे तर वेगळ्याच कुळातला होता. पुढे अमेरिकेत मोठे केसाळ कोळी दिसले तेव्हा लोकांनी तेच नाव त्यांना दिले आणि ते चिकटून राहिले.

हे प्राणी परदेशातच असतात असे मुलांना वाटते. तसे नाही. आपल्या सह्याद्रीतही टॅरँट्युला आहेत. काही जमिनीत बीळ करून राहतात, तर काही जुन्या झाडांच्या ढोलीत. ढोलीत राहणारा 'पोएसिलोथेरिया रेगॅलिस' पाय पसरले की वीतभर भरतो. मुंबईच्या आरे वसाहतीत झीशान मिर्झा आणि राजेश सानप या अभ्यासकांना टॅरँट्युलाची एक नवी प्रजाती सापडली. २०१४ मध्ये तिची शास्त्रीय नोंद झाली आणि जागेवरूनच तिला 'आरेयेन्सिस' असे नाव मिळाले. कोट्यवधी माणसांच्या शहरात एक प्राणी इतकी वर्षे अनोळखी राहिला, कारण तो दिवसभर बिळात बसतो आणि रात्री बिळाच्या तोंडाशी येऊन भक्ष्याची वाट पाहतो. माणसापासून दूर राहणे हा त्याचा स्वभावच आहे.

इथे एक खुलासा करायला हवा. आपल्या घरात रात्री भिंतीवर जो मोठा, चपटा, तपकिरी कोळी धावतो, पोटाखाली अंड्यांची पांढरी चकती घेऊन फिरतो, तो टॅरँट्युला नव्हे. तो झुरळे खाणारा साधा शिकारी कोळी आहे. जाळे विणत नाही आणि आपल्या वाटेलाही जात नाही. त्याला चपलेने मारण्याचे काही कारण नाही.

तो ओळखतो का?

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. टॅरँट्युलाला आठ डोळे असतात, पण त्यांनी त्याला फारसे दिसत नाही. उजेड-अंधार आणि हालचाल तेवढी कळते. त्याचे जग आहे ते कंपनांचे. अंगावरचे आणि पायांवरचे बारीक केस हवेचा झोत आणि जमिनीची थरथर टिपतात. पायांच्या टोकांनी तो चवसुद्धा घेतो. आपला हात म्हणजे त्याच्या लेखी एक गरम, हलणारी, खारट चवीची अनोळखी जमीन.

मांजर आपला आवाज ओळखते, शेळी दावणीवरून हाक ऐकून मान वळवते, पोपट नाव घेतो. कोळ्यात असे काही घडते याला आधार नाही. तो माणसाळत नाही. हातावर शांत बसलेला कोळी प्रेमाने बसलेला नसतो. धोका नेमका कुठे आहे हे न कळल्याने तो थिजलेला असू शकतो, किंवा त्या घडीला त्याला पळण्याचे कारण वाटत नसते. पुढच्या क्षणी दार आपटले, कोणी शिंकले किंवा पंख्याचा झोत आला, तर तोच कोळी विजेसारखा धावतो. पाळणाऱ्याला वाटते 'माझा आहे, मला काही करणार नाही'. त्या कोळ्याला मात्र 'माझा' हे नातेच ठाऊक नसते.

म्हणजे हातावर घेण्याने माणसाला गंमत मिळते, धाडसाचे समाधान मिळते, व्हिडिओ मिळतो. कोळ्याला काय मिळते? काहीच नाही. उलट त्याला जे गमवावे लागू शकते ते फार मोठे आहे.

पडला तर काय होते

कोळ्याच्या शरीराचे दोन भाग असतात. पुढचा भाग टणक, त्यालाच पाय जोडलेले. मागचा भाग, म्हणजे उदर, मऊ आणि पातळ कातडीचा, पाण्याने भरलेल्या फुग्यासारखा. मेलेला कोळी पाय पोटाशी आवळून पडलेला सगळ्यांनी पाहिला असेल. त्याचे कारण असे, की पाय मिटायला त्याच्याकडे स्नायू असतात, पण पायांचे मुख्य सांधे उलगडायला नसतात. शरीरातला द्रव जोराने पायांत ढकलून तो पाय सरळ करतो. जेसीबीचा हात तेलाच्या दाबावर उचलला जातो, तसेच हे काम. दाब गेला की पाय मिटले.

आता हातावरचा कोळी दचकून धावला आणि फरशीवर पडला असे समजा. मांजर चार पायांवर उतरेल. जमिनीवर राहणारा जड टॅरँट्युला उदरावर आदळतो. उदर फाटले की द्रव बाहेर वाहतो, दाब जातो आणि पाय चालेनासे होतात. बसलेल्या माणसाच्या छातीइतक्या उंचीवरून पडूनही असे होऊ शकते. बारीक चीर असेल तर कधी वाचतो, मोठी असेल तर बहुधा नाही. पाळणाऱ्यांच्या अनुभवात हातावरून पडणे हे या प्राण्याच्या अपमृत्यूचे एक ठरलेले कारण आहे.

त्यात त्याचे आयुष्य लांब. मेक्सिकोच्या लाल गुडघ्यांच्या टॅरँट्युलाची मादी वीस वर्षांहून अधिक जगू शकते. मोठे होताना तो मधूनमधून जुनी कातडी टाकतो. त्या वेळी तो पाठीवर उताणा पडून राहतो. नवख्या पाळणाऱ्याला वाटते मेला, म्हणून तो त्याला उचलतो, हलवतो, आणि तेव्हाच त्याचा जीव जातो. नवी कातडी आणि नवे दात कडक व्हायला बरेच दिवस लागतात. त्या काळात स्पर्शच काय, जिवंत झुरळ आत सोडणेही धोक्याचे असते.

आणि माणसाचे काय?

चाव्याबद्दल अतिशयोक्ती करण्याचे कारण नाही. टॅरँट्युलाच्या विषाने माणूस दगावल्याची खात्रीशीर नोंद सापडत नाही. अमेरिकेतल्या आर्कान्सा विद्यापीठाचे कीटकशास्त्रज्ञ विल्यम बेर्ग यांनी स्वतःला चावून घेऊन पाहिले होते, आणि तिथल्या बऱ्याच जातींचा चावा फार गंभीर नसतो असे दाखवले.

पण सगळे टॅरँट्युला सारखे नाहीत. अमेरिका खंडातले सहसा चावण्याआधी दुसरे हत्यार काढतात. मागच्या पायांनी पोटावरचे सूक्ष्म केस घासून ते हवेत उडवतात. त्या केसांना बारीक काटे असतात. कातडीत रुतले तर दिवसचे दिवस खाज सुटते, आणि डोळ्यात गेले तर गोष्ट गंभीर होते. इंग्लंडमधल्या लीड्स शहरात २००९ मध्ये एक २९ वर्षांचा तरुण तीन आठवडे डोळा लाल, पाणावलेला आणि उजेड सहन होत नाही अशी तक्रार घेऊन दवाखान्यात गेला. आधीच्या औषधांनी उतार पडला नव्हता. डॉक्टरांनी मोठ्या भिंगातून पाहिले तेव्हा बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात केसांसारखे तंतू रुतलेले दिसले. मग त्याला आठवले, की पेटीची काच पुसत असताना त्याच्या टॅरँट्युलाने केसांचा फवारा सोडला होता. ते केस इतके बारीक होते की चिमट्याने काढता आले नाहीत. औषधाच्या थेंबांवरच उपचार करावे लागले. लक्षात घ्या, त्याने कोळी हातातही घेतलेला नव्हता. मग जे लोक तो चेहऱ्याजवळ धरून फोटो काढतात, त्यांचे काय?

आशिया आणि आफ्रिकेतल्या टॅरँट्युलांना हे खाजरे केस नसतात. म्हणून ते जास्त चपळ असतात आणि लवकर चावतात. आपल्याच देशातल्या 'पोएसिलोथेरिया' कुळाच्या चाव्याने नुसती सूज येऊन थांबत नाही. स्नायूंना तीव्र पेटके येतात आणि ते काही वेळा कित्येक दिवस परत परत येत राहतात. मोठा माणूस हे सोसेल, लहान मुलाला सोसायला लावावे का?

हातावर घ्यावे म्हणणाऱ्यांची बाजू

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. पाळणाऱ्यांपैकी काही जाणती माणसे म्हणतात की काही जाती खरोखर शांत असतात. जमिनीवर मांडी घालून, हात जमिनीलगत ठेवून घेतले तर पडण्याचा धोका उरत नाही. शिवाय लोकांची कोळ्याविषयीची भीती कमी होते. ज्याची भीती जाते, तो त्याला मारत नाही.

या शेवटच्या मुद्द्यात तथ्य आहे. भीतीने माणसे काय करतात हे आसाममध्ये दिसले. २०१२ मध्ये सदिया भागात मोठ्या कोळ्यांच्या चाव्याची घबराट पसरली. दोन माणसे दगावल्याच्या बातम्या आल्या, पण मृत्यू विषानेच झाला हे सिद्ध झाले नाही. उलट गावठी उपचार करणाऱ्यांनी चाव्याच्या जागा ब्लेडने कापल्या होत्या, आणि घात त्यानेच केला असावा अशी शंका डॉक्टरांना होती. आपल्याकडेही अंगावर फोड आले की घरातली वडीलधारी "मकडी फिर गई" म्हणतात. बऱ्याचदा ती नागीण असते, म्हणजे कांजिण्यांच्या विषाणूचा आजार, किंवा दिव्याभोवती येणारा एक छोटा किडा अंगावर चिरडल्याने आलेले फोड असतात. कोळ्याचा त्यात संबंध नसतो. नाव मात्र त्याचे.

तेव्हा भीती जायलाच हवी. पण भीती घालवण्यासाठी हात लावणे हा एकच उपाय आहे का? काचेतून पाहूनही ती जाते. कोळी कसा खातो, कातडी कशी टाकतो, बिळाच्या तोंडाशी रेशीम कसे पसरतो, हे पाहणाऱ्या मुलाची भीती तर जातेच, आणि तो काहीतरी शिकतोही. हातावर घेणारा मूल धाडस शिकतो आणि ते मित्रांपुढे मिरवतो. मग त्याचा धाकटा भाऊ गोठ्यात, कांद्याच्या चाळीत, दगडाखाली जे सापडेल ते उचलायला जातो. आपल्या भागात दगडाखाली विंचू असतो, फुरसे असते. ही सवय लागू नये, हे आम्हाला सिन्नरच्या कोरडवाहू भागातले शिक्षक म्हणून आवर्जून सांगावेसे वाटते.

जमिनीलगत हात ठेवून, शांत जातीचा कोळी घेतला तर त्याला इजा होण्याची शक्यता कमी होते, हे आम्ही मान्य करतो. पण तो धोका घेण्यात कोळ्याचा काय फायदा, या प्रश्नाला त्या बाजूकडे उत्तर नाही. फायदा पूर्ण आपला आणि धोका निम्मा त्याचा, हा व्यवहार न्यायाचा वाटत नाही.

पेटीत तो आला कुठून?

हातावर घेण्याच्या शौकामागे बाजारही आहे. हातावर खेळणारा कोळी दिसला की मागणी वाढते. जुलै २०२१ मध्ये चेन्नईच्या कस्टम अधिकाऱ्यांनी पोलंडहून आलेले एक टपालाचे पार्सल उघडले. आत चंदेरी कागद आणि कापसात गुंडाळलेल्या प्लॅस्टिकच्या छोट्या कुप्या होत्या, आणि त्यांत १०७ जिवंत कोळी. तपासणाऱ्यांच्या अंदाजाने ते मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचे टॅरँट्युला होते. ते पार्सल पोलंडला परत पाठवण्यासाठी टपाल खात्याकडे देण्यात आले.

उलट दिशेचीही गोष्ट आहे. मुंबई-चेन्नई रेल्वेमार्गावर आंध्रातले गुत्ती स्टेशन लागते. तिथे रेल्वेच्या आवारात सापडलेल्या एका निळ्याशार टॅरँट्युलाची १८९९ मध्ये नोंद झाली. नंतर शंभर वर्षे तो कोणाला दिसला नाही. पुढे नंद्याल आणि गिद्दलूरच्या मधल्या जंगलात तो परत सापडला. एवढ्याशा भागात उरलेला हा कोळी आज अतिसंकटग्रस्त मानला जातो, आणि परदेशातल्या हौशी लोकांच्या पेट्यांत मात्र तो सर्रास दिसतो.

म्हणूनच कायदा आला. भारतातल्या 'पोएसिलोथेरिया' कुळाला २०१९ मध्ये वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत घेतले गेले. मेक्सिकोचे लाल गुडघेवाले कोळी त्या यादीत आधीपासूनच होते. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यातली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि या यादीतले प्राणी कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आले. फेब्रुवारी २०२४ च्या नियमांप्रमाणे असा जिवंत प्राणी ज्याच्याकडे असेल त्याने 'परिवेश' या सरकारी पोर्टलवर त्याची नोंदणी करायची आहे. दुकानदार 'कागद लागत नाहीत' म्हणाला तरी विश्वास ठेवू नये.

दीन काय दाखवतो

पवित्र कुरआनच्या एका सूरहचे नावच 'अल-अन्कबूत', म्हणजे कोळी. आपल्या मुलांना हे नाव पाठ असते. घरात पक्षी-प्राणी ठेवण्याला इस्लाममध्ये सरसकट मनाई नाही. अबू उमैर या लहान मुलाने एक चिमुकला पक्षी पाळला होता. तो मेला तेव्हा पैगंबर मुहम्मद (स.) यांनी त्या मुलाची आपुलकीने विचारपूस केली, ही हदीस प्रसिद्ध आहे. पण त्याच शिकवणीत मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईचीही हकीकत आहे. आणि प्रवासात काही साथीदारांनी एका पक्षिणीची पिल्ले उचलली तेव्हा ती परत ठेवायला लावल्याचीही आहे. पाळायला हरकत नाही, पण पाळलेला जीव अमानत आहे. अमानतीचा विचार आपल्या हौसेपासून सुरू होत नाही. त्या जिवाला काय हवे, इथून सुरू होतो. बकऱ्याला हात फिरवलेला आवडतो, तर फिरवावा. कोळ्याला एकांत हवा, तर तो द्यावा.

काय करावे, काय करू नये

ज्यांच्या नात्यात किंवा ओळखीत कोणी टॅरँट्युला पाळला असेल, त्यांना या गोष्टी सांगाव्यात.

• पेटी साफ करताना किंवा बदलताना कोळ्याला हाताने उचलू नये. त्याच्यावर रिकामा पारदर्शक डबा पालथा घालावा, मऊ ब्रशने मागून हलकेच ढकलावे, खालून पुठ्ठा सरकवावा.

• पेटी फार उंच नसावी. जमिनीवर राहणारा कोळी काचेवर चढून आतल्या आतही पडतो. तळाला मातीचा जाड थर आणि पाण्याची उथळ ताटली असावी.

• पेटी उघडताना चष्मा किंवा गॉगल लावावा, चेहरा लांब ठेवावा, नंतर हात साबणाने धुवावेत. मुलांना झाकण उघडू देऊ नये.

• उताणा पडला असेल तर हात लावू नये. तो कातडी टाकत असण्याचीच शक्यता जास्त.

• केस कातडीत गेले तर चोळू नये, चिकटपट्टी लावून हलकेच ओढून काढावेत. डोळ्यात गेले तर डोळा अजिबात न चोळता पाण्याने धुवावा आणि लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे.

• चावला तर जागा साबण-पाण्याने धुवून दवाखाना गाठावा. कापणे, चोखणे, घट्ट बांधणे नको.

• कंटाळा आला म्हणून परदेशी कोळी शेतात किंवा डोंगरावर सोडून देऊ नये. तो इथला नाही. वन विभागाला कळवावे.

• डोंगरात, बांधावर रेशमाचे अस्तर असलेले बीळ दिसले तर काडी घालू नये, पाणी ओतू नये. पावसाळ्यात मादीच्या शोधात निघालेला नर कधी घरात आला, तर डबा आणि पुठ्ठा वापरून बाहेर नेऊन सोडावे.

घरात मुलाने असा व्हिडिओ दाखवला तर त्याच्यावर ओरडू नका, आणि 'शी, घाण' असेही म्हणू नका. त्याच्याजवळ बसा आणि विचारा, "तो कोळी त्या माणसाला ओळखत असेल का रे?" मग त्याला विचार करू द्या. ज्या मुलाला एवढे कळेल की काही जिवांवरची माया त्यांना हात न लावण्यात असते, तो पुढे चिमणीचे घरटे, पाण्यातला मासा आणि रस्त्यावरचे कुत्रे यांच्याशीही नीट वागेल.